खूण नसलेली ओळ

ऑक्टोबर छाटणीचे दिवस आले की मी घराच्या उत्तरेकडच्या खिडक्या लावून घेतो. आमच्या कॉलनीच्या मागे अजून दोन-तीन द्राक्षबागा तग धरून आहेत. सकाळी ट्रॅक्टरचा फवारा सुरू होतो, आणि तांब्याच्या भांड्यात रात्रभर राहिलेल्या पाण्याला येतो तसा वास हळूहळू घरात शिरतो. तो मोरचुदाचा वास. दुपारी बागेच्या कडेने गेलं तर पानांवर निळसर पांढरे डाग वाळलेले दिसतात. मला धुळीचा त्रास होतो असं घरच्यांना वाटतं. मीही कधी दुरुस्ती केलेली नाही. दुरुस्ती करण्यातच ज्याचं आयुष्य गेलं, त्याने ही एवढी चूक चाळीस वर्षं चालू दिली.

यंदा खिडक्या लावून वळलो, तर जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी एक लांबट डबी दिसली. सात खणांची, प्रत्येक खणावर वाराचं नाव. माझी सून वैशाली हिची. वैशाली बेचाळीस वर्षांची आहे, एका कंपनीत हिशेबनीस आहे, आणि उन्हाळ्यापासून तिला लक्ष एका जागी राहावं म्हणून डॉक्टरांनी गोळी दिली आहे. तिने हे आम्हाला जेवता जेवता सांगितलं होतं, चष्म्याचा नंबर बदलल्याचं सांगावं तसं. मी "बरं" म्हटलं. पण त्या दिवसापासून माझी नजर डबीवर आहे. ती किती बोलते, किती जेवते, पोळी अर्धी का ठेवली, एवढी हसली कशाला, सगळं मी टिपत असतो. घरात कुणी नसलं की खण उघडून गोळ्या मोजतो.

परवा तिने पाहिलं.

"बाबा, मोजताय का?" दारात चप्पल काढता काढता ती म्हणाली. "मंगळवारची तशीच आहे ना? विसरू नये म्हणून घ्यायची गोळी, तीच घ्यायला विसरले. सांगा आता काय करायचं माझं!"

ती हसत होती. मला मात्र कुणीतरी मनगट धरल्यासारखं झालं. कारण ही मोजणी माझी पहिली नव्हती.

रविवार कारंजाजवळच्या एका बोळात आमचा छापखाना होता. आता तिथे मोबाइलची दुकानं आहेत. खाली यंत्रं, वर लाकडी माळा. माळ्यावर एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक गजांची खिडकी. तिथे दोन मुद्रितशोधक बसत. मी त्यातला एक, आणि दुसरा दिनकर गांगुर्डे. खालचं ट्रेडल यंत्र चालू झालं की टेबल थरथरायचं आणि पेन्सिली आपोआप कडेकडे सरकत जायच्या. अजूनही कुठे एका लयीत ठकठक ऐकू आली की माझा हात पेन्सिल अडवायला पुढे होतो.

आमचं काम जोडीचं होतं. एकाने मूळ प्रत हातात धरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापलेलं प्रूफ समोर ठेवून ऐकता ऐकता तपासायचं. मी वाचणारा. वाचायचं म्हणजे विरामचिन्हांसकट. "औषध फवारावे पूर्णविराम नवी ओळ." ऐकणाऱ्याला असं वाटे की कुणी मंत्र म्हणतोय. प्रत्येक ओळीखाली मी लाकडी पट्टी धरत असे, आणि ओळ वाचून झाली की समासात पेन्सिलीची बारीक खूण करत असे. दिनकर ओळ जुळली की "हं" म्हणायचा. नाही जुळली की "थांबा". दिवसभर आमच्यात एवढंच संभाषण. पूर्णविराम, हं. पूर्णविराम, हं. थांबा.

या पद्धतीतली एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तपासणाऱ्यापुढे फक्त छापलेलं असतं. मूळ प्रत वाचणाऱ्याच्या हातात. शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवणाऱ्याने एखादी ओळच गाळली असेल, तर ती गळाल्याचं तपासणाऱ्याला कळायला एकच वाट, वाचणाऱ्याचा आवाज. मी ती ओळ वाचली तरच त्याला "थांबा" म्हणता येणार. मात्र शेवटच्या प्रूफावर "छापण्यास हरकत नाही" असं लिहून सही करायची ती तपासणाऱ्याने. वाचणाऱ्याची सही कुठेच नसे.

दिनकर माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी लहान. नाशिकरोडकडच्या एका वस्तीतल्या बौद्ध कुटुंबातला, घरातला पहिला बी. ए. त्याचं मराठी माझ्याहून चांगलं होतं, इंग्रजी तर होतंच. पण डोकं कधी जागेवर नाही. चहा मागवायचा, एक घोट घ्यायचा आणि खिडकीत ठेवून विसरायचा. संध्याकाळी खिडकीत चार कप, चारही भरलेले. एक प्रूफ अर्धवट टाकून दुसरं उघडायचा, त्यातून तिसरं. एखादा अवघड जोडाक्षराचा दोष फटकन पकडायचा, आणि लग्नपत्रिकेत नवरीचं नावच चुकलेलं असायचं ते तसंच जाऊ द्यायचा. मग मी पकडायचो. मला पकडायला आवडायचं.

"काय दिनकरराव, आज छत्री आणलीत?"

"आणली भाऊ. पण कुठं ठेवली ते विचारू नका."

"लग्न झालंय ना तुझं? का तेही विसरलास?"

"ती विसरू देत नाही!"

असं हसणं चालायचं. त्या हसण्यात मी नेहमी वरच्या पायरीवर असायचो. मालक, ज्यांना सगळे नाना म्हणत, ते खालून ओरडायचे, "देवरे, तुम्ही एकदा नजर घाला हो." ते "तुम्ही एकदा" मला पगारापेक्षा गोड लागायचं.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. गणपती बुडाले आणि छाटणीच्या हंगामाची कामं सुरू झाली. त्या काळी आमच्या भागात द्राक्षांचं वेड नुकतं चढत होतं. कांदा लावणारे बाग लावायला निघाले होते, आणि त्यांच्यासाठी पत्रकं, तक्ते, फवारणीच्या पुस्तिका यांचा ढीग छापखान्यात येऊन पडायचा. त्या ढिगात दिनकर बदलला.

पहिल्यांदा कप बदलले. खिडकीतला कप रिकामा दिसू लागला. मग प्रूफं. सकाळी घेतलेलं प्रूफ दुपारी पुरं होऊन, सही होऊन, खाली जायला लागलं. त्याच्या तपासणीत मला चूक सापडेना. मी मुद्दाम मागून वाचून पाहिलं. सापडेना. आठवड्याभरात नानांनी खालून "गांगुर्डे, तुम्ही एकदा बघा" अशी हाक मारली. मी पायरीवरून खाली पाहत उभा होतो.

माणूस असा बदलतो कसा? मला आनंद व्हायला हवा होता. मला संशय आला.

मग मला ती डबी दिसली. फोटोच्या रोलची काळी प्लास्टिकची डबी, राखाडी झाकणाची. शर्टाच्या खिशात असायची. रोज सकाळी कामाला बसलं की थोड्या वेळाने तो उठायचा, माठातलं पाणी घ्यायचा, कागदाच्या रिमांमागे पाठ फिरवून उभा राहायचा, आणि तोंड पुसत परत यायचा. दुपारी पुन्हा तेच. मी वेळ टिपायला लागलो. ओठ कोरडे पडतात का, डबा अर्धा परत नेतो का, बोट टेबलावर वाजवतो का. वाजवायचा. आधीही वाजवायचा, पण आधी मी पाहत नव्हतो.

एकदा मी सरळ विचारलं. "तब्येत बरी नाही का?"

त्याने पेन्सिल खाली ठेवली. मग खाली बोट दाखवून म्हणाला, "भाऊ, खिळ्यांची पेटी सांडली की कसं होतं? सगळी अक्षरं असतात, पण एकही आपल्या घरात नसतं. माझं डोकं लहानपणापासून तसं आहे. मास्तर म्हणायचे आळशी. बाप म्हणायचा गुर्मी. माझी बहीण मुंबईला नर्स आहे, तिनं तिथल्या एका डॉक्टरला दाखवलं. त्यांनी ही गोळी दिली. पेटी भरून देत नाही ती. पण भरायला बसलं की हात चालतात."

त्याने खिशातून डॉक्टरची चिठ्ठी काढून दाखवली. मी वाचली. आणि मी काय पाहिलं? शिक्का खरा आहे का ते पाहिलं.

"कुणाला सांगू नका भाऊ. लोक वेड्याची गोळी म्हणतील."

"छे छे," मी म्हटलं. "माझ्याकडून कुठे जाणार?"

लक्ष लागायला गोळी लागते, हे मला पटेना. लक्ष ही कष्टाची गोष्ट आहे असं मी मानत आलो होतो. मी बेचाळीस वर्षं मन आवरून इथवर आलो आणि हा माठावर जाऊन दोन घोटांत तिथे पोचतो? नशाच असणार. आज हेही लिहितो, कारण आता लपवण्यासारखं वय उरलेलं नाही. ती डबी दुसऱ्या कुणाच्या खिशात असती, माझ्या नात्यातल्या, माझ्या गावच्या माणसाच्या, तर मी शिक्का तपासला असता का? तेव्हा हा प्रश्न मला पडला नाही. पडला नाही हेच त्याचं उत्तर आहे.

एके दुपारी दिनकर हात धुवायला खाली गेला. शर्ट घामाने भिजला होता म्हणून डबी टेबलावर राहिली होती. मी झाकण उघडलं. अकरा गोळ्या. एक उचलली, प्रूफाच्या कोऱ्या कडेत गुंडाळली आणि संध्याकाळी पंचवटीतल्या माझ्या ओळखीच्या औषधवाल्याकडे गेलो. त्याने कागद उलगडला, भुवई वर केली.

"कुणाची ही?"

"आहे एक."

"ही जपून द्यायची वस्तू आहे. पोरं परीक्षेला जागायला मागतात, ट्रकवाले मागतात. आम्ही हाकलून देतो. मोठ्या डॉक्टरची चिठ्ठी असेल, नेमून दिलेली असेल, तर गोष्ट वेगळी. त्याचा काहींना फार उपयोग होतो म्हणे."

मी त्याच्या बोलण्यातला पुढचा भाग दुकानातच ठेवला आणि आधीचा घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दिनकर डबी उघडून बराच वेळ उभा होता. हातावर गोळ्या ओतल्या, बोटाने एकेक बाजूला केली, परत भरल्या.

"काय झालं रे?"

"एक कमी आहे, भाऊ. दहाच पाहिजे होत्या का? का मी काल तिसरी घेतली?" तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलत होता. "नाही घेतली. घेतली असेन का?"

मी पट्टी पुसत होतो. म्हटलं, "तुझं तुला आठवायला पाहिजे."

तो हसला नाही. या वाक्यावर आधी आम्ही हसलो असतो.

त्याच आठवड्यात मी नानांना सांगितलं. स्वतःहून गेलो. "त्याच्या भल्यासाठी सांगतो, नाना," अशी सुरुवात केली. नाना तपकीर ओढता ओढता थांबले. "नशापाणी?" त्यांनी विचारलं. "तसंच म्हणा," मी म्हटलं. नाना म्हणाले, "काम तर बरं करतोय. पण लक्ष ठेवा, देवरे."

म्हणजे लक्ष ठेवायचं काम आता मला अधिकृत मिळालं.

फवारणीची ती पुस्तिका सोळा पानांची होती. मूळ प्रत शेतकीतल्या एका जाणत्याने निळ्या शाईत, सुबक अक्षरात लिहिलेली. त्या सकाळी दिनकर माठाकडे गेला, रिमांमागे उभा राहिला, परत आला, बसला. मी वाचायला लागलो. खाली यंत्र चालू होतं, टेबल थरथरत होतं. मी वाचत होतो आणि पाहत होतो. त्याच्या पापण्या, त्याचा अंगठा, कानशिलावरची शीर. गोळी चढते ती कधी, कशी, हे मला पकडायचं होतं. तोंड आपोआप वाचत होतं. पूर्णविराम, हं. पूर्णविराम, हं. दुपारच्या चहाआधी सोळा पानं संपली. त्याने सही केली. मी मनात म्हटलं, आज काही दिसलं नाही, पण उद्या दिसेल.

दिवाळीच्या तोंडावर विंचूरकडचा एक शेतकरी छापखान्यात आला. पहिल्यांदाच बाग लावलेला, माझ्याच वयाचा. त्याच्या हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने ते नानांच्या टेबलावर उलगडलं. द्राक्षाचे कोवळे फुटवे होते, बोटभर लांब. पानं कडेने काळी पडून मुठीसारखी वळली होती. वर निळे डाग.

"हे तुमचं पुस्तक," त्याने पुस्तिका शेजारी ठेवली. "अन् ही माझी बाग. दोन्ही नीट बघा."

"काय झालं पाटील? बसा तरी."

"बसायला नाय आलो. ह्यात चुना कुठं हाय ते दावा. माझा शेजारी म्हणतो, येड्या, नुसतं मोरचूद मारलंस? चुन्याबिगर? पान जळंल नायतर काय व्हईल! मी म्हणलं, पुस्तकात जे छापलंय तेच मारलं. मला काय ठावं? मी कांदेवाला माणूस. तुमी शिकलेले, तुमी छापलं, म्हणून मारलं."

जुने बागायतदार पुस्तिका वाचून फवारत नाहीत, त्यामुळे बाकीच्या बागा वाचल्या. हाच एक नवा होता, छापलेल्यावर विश्वास ठेवणारा. निम्म्या बागेचे फुटवे गेले. तो ओरडला नाही. जाताना जळका फुटवा मात्र त्याने टेबलावर तसाच ठेवला.

नानांनी पान उघडलं. साहित्य: एक किलो मोरचूद, पाणी पन्नास लिटर. त्याखाली एकदम, गाळून त्याच दिवशी फवारावे.

"मूळ प्रत काढा, देवरे."

मी माळ्यावर गेलो. गठ्ठ्यातून प्रत काढली, ते पान शोधलं. निळ्या शाईत दोन ओळी एकाखाली एक होत्या. "एक किलो मोरचूद, पाणी पन्नास लिटर." "एक किलो कळीचा चुना, पाणी पन्नास लिटर." दोन्हींची सुरुवात एक, शेवट एक. जुळवणाऱ्याची नजर एकीवरून दुसरीवर घसरली होती. तशी घसरते, म्हणून तर आम्हाला ठेवलेलं होतं. मी समासात पाहिलं. मोरचुदाच्या ओळीसमोर माझी पेन्सिलीची खूण. फवारावे या ओळीसमोर खूण. वर खाली सगळ्या ओळींसमोर खुणा, पावसात तारेवर बसलेल्या पाखरांसारख्या ओळीने. चुन्याच्या ओळीसमोर काही नाही.

मी ती ओळ वाचलीच नव्हती. माझी पट्टी घसरली होती. त्या क्षणी मी दिनकरचं लक्ष कुठे आहे ते बघत होतो.

ते पान मी घडी घालून सदऱ्याच्या आत ठेवलं आणि खाली आलो. म्हटलं, "ते पान सापडत नाही, नाना. रद्दीत गेलं असणार."

नानांनी शेवटचं प्रूफ पुढे ओढलं. "सही कुणाची?" सही त्यांना दिसतच होती. ते दिनकरकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही म्हणाला होतात ते खरं निघालं तर." मग त्याच्याकडे वळून, "उद्यापासून येऊ नकोस बाबा. गोळ्या खाऊन छापखाना चालत नाही."

दिनकरने माझ्याकडे पाहिलं. नानांना गोळ्या कशा माहीत, हे त्याला त्या नजरेत कळलं असणार. पण त्याने ते विचारलं नाही. त्याने जे विचारलं ते फार वेगळं होतं. माळ्यावर तो छत्री घ्यायला आला होता. ती त्याला लगेच सापडली. तो जिन्यात थांबला.

"भाऊ, एक सांगा. ती चुन्याची ओळ तुम्ही वाचली होतीत ना?"

खाली यंत्र बंद होतं. एवढी शांतता त्या माळ्यावर मी कधी ऐकली नव्हती.

"हो," मी म्हटलं. "वाचली होती."

"मला आठवतच नाही. मी 'हं' म्हटलं असेल का? म्हणजे गोळी घेऊनसुद्धा डोकं निसटतंच म्हणायचं." त्याने खिशातली काळी डबी काढली, क्षणभर हातात धरली आणि दोन पायऱ्या परत चढून माझ्या टेबलावर ठेवली. "मग काय उपयोग? टाकून द्या."

तो उतरून गेला. ज्याने मन लावून ऐकलं होतं तो आपलं मन फुटकं आहे असं समजून गेला. जो ऐकवायला बसला होता, तो नोकरीवर राहिला.

छापखान्याने शुद्धिपत्र काढलं. गुलाबी कागदाची बोटभर पट्टी. मजकूर मीच लिहिला. "अनवधानाने पुढील ओळ गळाली आहे." अनवधान कुणाचं, ते लिहिलं नाही. त्या पट्टीचं प्रूफ मी एकट्याने वाचलं, तीन वेळा.

नंतरचं मला तुकड्यांतून कळलं. दिनकर सुरगाण्याकडे एका आश्रमशाळेत लेखनिक म्हणून लागला. मुंबईच्या डॉक्टरांकडे पुन्हा गेला नाही. कुणी म्हणे, कामात चुका होतात, बोलणी खातो, पण माणूस चांगला. खिशात कागद ठेवून त्यावर दिवसभराची कामं लिहायचा आणि तो कागद हरवायचा, असं हसत हसत सांगणारा एकजण एका लग्नात भेटला होता. मीही हसलो. जेवण तसंच टाकून उठलो.

मी नोकरीभर नावाजलेला मुद्रितशोधक होतो. निवृत्तीच्या दिवशी भाषणात म्हणाले, देवऱ्यांच्या नजरेतून काही सुटलं नाही.

हे सगळं परवा मी वैशालीला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. ती टेबलाशी बसली होती, सात खणांची डबी आमच्या मध्ये. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "पहिल्यांदा गोळी घेतली ना बाबा, तेव्हा मी रडले होते. वाटलं, म्हणजे मी आळशी नव्हते तर. एवढी वर्षं उगाच स्वतःला शिव्या दिल्या." मग डबी बाजूला सारून, "ते गांगुर्डे काका आहेत अजून?"

"असतील."

"मग हे मला काय सांगताय? त्यांना सांगा."

पत्ता शोधायला दोन फोन लागले. चाळीस वर्षांत मला ते दोन फोन जमले नव्हते.

तो निवृत्त होऊन वणीला मुलीजवळ राहतो. वैशालीने गाडी काढली. दिंडोरीच्या पुढे दोन्ही बाजूंना छाटलेल्या बागा, काड्यांवर नुकते डोळे फुटलेले, कुठे कुठे निळे डाग. ती म्हणाली, "काच वर करू का?" मी नको म्हटलं.

दिनकर ओसरीत बसला होता. केस पांढरे, चष्म्याच्या एका काडीला दोरा. त्याने मला ओळखलं. "या भाऊ," म्हणाला. सवयीने म्हणाला की मनापासून, हे मी त्याच्या चेहऱ्यावर शोधायला लागलो आणि मग स्वतःलाच थांबवलं. पुरे झालं शोधणं.

मी पिशवीतून मूळ प्रतीचं ते घडीचं पान काढलं. दिनकरला ते ओळखायला एक क्षण लागला. मग तो उठला, आत गेला, पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा त्याच्या हातात ती पुस्तिका होती. कडा कुरतडलेल्या, ते पान मात्र पुन्हा पुन्हा उघडून मऊ पडलेलं.

"मधूनमधून बघतो," तो म्हणाला. "कुठं निसटलं ते."

"दिनकर, मी वाचतो. तू तपास."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मुलीकडून पेन्सिल मागून घेतली. ओसरीतच, गुडघ्यावर पुस्तिका ठेवून तो बसला. माझा आवाज आता चिरका झालाय, पण लय विसरलेली नव्हती.

"साहित्य अपूर्णविराम नवी ओळ."

"हं."

"एक किलो मोरचूद स्वल्पविराम पाणी पन्नास लिटर पूर्णविराम नवी ओळ."

"हं."

"एक किलो कळीचा चुना—"

"थांबा."

तो इतक्या लगेच म्हणाला की माझा शब्द तोंडातच राहिला. पेन्सिल पानावर टेकलेली होती. "ही इथं नाही," तो म्हणाला. आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं.

त्याने हात पुढे केला. मी पान दिलं. तो समासातल्या खुणांवरून बोट फिरवत खाली आला. एक, एक, एक. बोट चुन्याच्या ओळीसमोर थांबलं. बराच वेळ तिथेच होतं.

"तुम्ही वाचलीच नव्हती."

"नाही. मी तुझ्याकडे बघत होतो. आणि डबीतली ती एक गोळी मीच घेतली होती. आणि नानांना मीच सांगितलं होतं."

यातलं शेवटचं त्याला माहीत होतं. त्याने मान हलवून तेवढं बाजूला केलं. पहिल्यावर तो थांबला.

"म्हणजे त्या दिवशी मी ऐकत होतो."

"ऐकत होतास. सोळाच्या सोळा पानं."

तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो रागावला नाही, माफही केलं नाही. त्या दोन्हींसाठी मी आता त्याच्यासमोर नव्हतोच. तो कुठेतरी मागे गेला होता, आश्रमशाळेच्या कचेरीत, हरवलेल्या कागदांत, बायकोच्या बोलण्यांत, आणि प्रत्येक ठिकाणी जाऊन काहीतरी तपासून येत होता. वैशाली दारात उभी होती. ती रडत होती, पण आवाज न करता.

मला वाटलं निदान आता तरी. मी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्या ओळीसमोर, चाळीस वर्षं रिकाम्या राहिलेल्या जागेत, खूण करायला टोक टेकवलं.

दिनकरने माझ्या हातावर हात ठेवला.

"नको, भाऊ. ती तशीच राहू दे."

मग त्याने पानाची घडी घातली, जुन्याच घड्यांवरून, आणि शर्टाच्या खिशात ठेवली. पूर्वी ती काळी डबी असायची त्याच खिशात.